उजवीकडची जागा

आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीत त्याला सगळे फौजीकाका म्हणतात. मला नुसतंच काका. अख्खी नोकरी तोफखान्यात केली मी, आणि फौजी कोण, तर सैन्यात खेचरं हाकणारा हा! अजूनही चालताना त्याचा उजवा हात जरा पुढे आणि अर्धवट मिटलेला असतो, दोरी धरल्यासारखा. लिफ्ट रखडली की तिलासुद्धा तोंडाने 'च्च च्च' करतो. बायका कौतुकाने हसतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

यंदा सव्वीस जानेवारीला मी ब्लेझर घालून, पदकं लावून उभा होतो. झेंड्याची दोरी दिली त्याच्या हातात. वर भाषणाचा आग्रह.

"म्या काय बोलू? एक गोळी नाय झाडली कधी," तो म्हणाला. "खेचरं चौकीवर न्यायची, परत आणायची. एवढंच."

मला बरं वाटलं. सगळ्यांना कळू दे म्हणून मीच मोठ्याने विचारलं, "वर काय न्यायचात?"

"डाळ, रॉकेल. तुमचे तोफगोळे बी."

"आणि उतरताना? रिकामेच?"

"लय वेळा रिकामंच. कधी कधी आपल्या पोरांचे देह असायचे, पाठीवर बांधलेले. तवा खेचर बी हळू चालायचं. सांगावं नाय लागायचं."

टाळी कोणीच वाजवली नाही.

पुढच्या वर्षी दोरी माझ्या हातात यावी, असं मला अजूनही वाटतं. पण घरी परतताना तो सोबत आला, तेव्हा त्याच्या खेचराची जागा मोकळी सोडून मी डावीकडून चालू लागलो.