बाभळीचा दस्ता आणि दादांचं शस्त्रपूजन

तुमच्या गावातल्या पुढाऱ्याने आयुष्यात एक खिळा तरी सरळ ठोकलेला तुम्ही कधी पाहिलाय का? मी पाहिलेला नाही. आमच्या गावातला पुढारी फिती कापतो, नारळ फोडतो, भूमिपूजनाची पहिली कुदळ मारतो. ती कुदळसुद्धा आधी कुणीतरी भुसभुशीत करून ठेवलेल्या मातीत मारतो.

शेवगावपासून थोड्या अंतरावरचं आमचं गाव. वडील सुतार, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आई अंगणवाडीत. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, आईच्या संघटनेची पत्रकं होती. पिठाच्या डब्याखाली पत्रक, खिडकीच्या फुटक्या काचेला पत्रक. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे माझ्या भाषेत थोडी घोषणा येते. येऊ दे.

माझी धाकटी बहीण नेमबाजी करते. छऱ्याची बंदूक, तिला परवाना लागत नाही. शाळेतल्या सरांनी तिला ही गोडी लावली आणि त्यांची बदली झाली. तिने कुणाची तरी जुनी बंदूक मिळवली. नळी चांगली होती, पण दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, मधोमध तडकलेला. शिवाय तो एखाद्या सहा फुटी माणसासाठी केलेला. बहिणीचा हात पुढे पोचेना, गाल टेकेना. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. दसरा झाला की आठवड्याभरात नगरला जिल्ह्याची निवड चाचणी. ह्या वर्षी संघात गेली तर गेली, नाहीतर पुढच्या वर्षी मोठ्यांच्या गटात, जिथे पुण्याहून आणलेल्या नव्या बंदुका घेऊन बापाच्या गाडीतून पोरी उतरतात.

आप्पा म्हणाले, "त्यात काय? मी करतो दस्ता." आप्पांना स्वतःच्या हाताचा फार गर्व. तालुक्यात आपल्यासारखा मिस्त्री नाही, हे ते गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगतात.

बाभळीचं जुनं, वाळलेलं लाकूड त्यांनी निवडलं. बाहेरचा आकार लवकर झाला. खरं काम नळी बसवायचं. नळी लाकडात कोरलेल्या चरात अशी बसायला हवी की सगळीकडे सारखी टेकेल. एका जागी जास्त दाबली गेली तर छर्रा भलतीकडे जातो. त्यासाठी नळीला खालून काजळ लावायचं, ती चरात ठेवून हलकेच दाबायची आणि उचलायची. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड नडतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा ठेवायची, पुन्हा उचलायची. बहीण शाळेतून आली की दप्तर टाकून हेच करायची. तिची बोटं, नाक, ओढणी, सगळं काळं.

"डोळ्यात घाल की जरा त्यातलं," आई म्हणायची.

"डोळा नेम धरायला लागतो, आई. नटवायला न्हाई."

शेवटी नळी बसली. बहिणीने मागच्या भिंतीपाशी कागद लावून छर्रे मारले. एकमेकांना चिकटून भोकं पडली. आता फक्त चराला आतून जवसाचं तेल पाजायचं राहिलं होतं. कोरं लाकूड पाणी पितं, तेल प्यायलेलं पीत नाही. आणि दुसरा दिवस उजाडला खंडेनवमीचा.

खंडेनवमीला सुताराची हत्यारं आराम करतात. रंधे, पटाश्या, करवती धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. आप्पांनी बंदूकही त्याच पाटावर ठेवली. बहीण जवसाच्या तेलात चिंधी बुडवून आली.

"आज हात लावायचा न्हाई," आप्पा म्हणाले.

"तेल लावायचंय फकस्त. तेल म्हंजी पटाशी हाय व्हय?"

"चिंधी बी न्हाई लावायची. एक दिस थांब."

संध्याकाळी पुढारी आला. गाव त्याला दादा म्हणतं. मागे चार पोरं. त्यातल्या एकाचं काम फक्त दादांचे फोटो काढायचं. दादांनी पाटाकडे पाहिलं.

"मिस्त्री, ही तुमी बनवली? लई भारी!"

"दस्ता माझा, दादा. तालुक्यात असला दस्ता दावा कुनी," आप्पा फुलले.

"उद्या आपल्याकडं शस्त्रपूजन हाय. तलवारी सगळेच ठेवत्यात. बंदूक कुनाकडं न्हाई. नेतो ही."

बहीण आडवी आली. "दादा, तिला आतनं तेल लावायचंय अजून. कोरी हाय ती."

"तेलाला काय तोटा? गाडीतलं इंजिन ऑईल लावू की!"

चारही पोरं हसली. ती हसायलाच ठेवलेली असतात. मी आप्पांना म्हणाले, "आप्पा, देऊ नका. तिची चाचणी आहे." आप्पा म्हणाले, "एका दिसाचा परश्न हाय. दादा माघारी देत्यात." दादांनी बंदूक पाटावरून उचलली. पोटच्या पोरीच्या चिंधीला ज्या दिवशी बंदी, त्याच दिवशी ह्या माणसाच्या मुठीला नाही. आप्पांचा धर्म एवढाच टणक.

दसऱ्याला सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर फोटो आले. एका फोटोत दादांनी दस्ता काखेत धरलाय आणि नेम धरताना दोन्ही डोळे मिटलेत. दुसऱ्यात बंदूक ताटावर आडवी, तिच्यावर दुधाची धार. तिसऱ्यात नारळ फोडून त्याचं पाणी नळीवर. खाली "शौर्याचा वारसा" असं लिहिलेलं. कुठलं शौर्य? ह्या माणसाने वेशीवरचं कुत्रं कधी एकट्याने हाकललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक पोरगा मोटारसायकलवरून बंदूक दारात ठेवून गेला. जाताना म्हणाला, "पवित्र झालीय आता."

आप्पांनी स्क्रू काढले. नळी निघेना. कोरं लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं आणि नळीला दोन्हीकडून आवळून बसलं होतं. लाकडी ठोकळ्याने ठोकून काढली तेव्हा चरात हळदीचा पिवळा लगदा, नळीला खालून गंज आणि आंबलेल्या दुधाचा वास. बहिणीने काजळ लावून पाहिलं. एका बाजूला चर पार काळा, दुसऱ्या बाजूला डागच नाही.

आप्पांनी पटाशी घेतली. त्यांनी फुगलेलं लाकूड खरवडलं. मग ऑक्टोबरच्या उन्हात दस्ता वाळला, लाकूड आत गेलं आणि नळी खुळखुळायला लागली. कागदाची घडी घालून त्यांनी ती कशीबशी धरली.

चाचणीला मी बहिणीबरोबर गेले होते. पहिले छर्रे डावीकडे गेले. तिने नेमाचा स्क्रू फिरवला. मध्यभागी आले. तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसली. थोड्याच वेळात छर्रे पुन्हा सरकायला लागले, ह्या वेळी वर. लाकूड अजून हलत होतं. ती शेवटपर्यंत फिरवत राहिली, शेवटपर्यंत मारत राहिली. संघाची नावं वाचली, त्यात तिचं नव्हतं. परतीच्या एसटीत तिने बंदूक मांडीवर आडवी धरली होती आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

दादांना कळलं. ते सांत्वनाला आले. आप्पांनी खुर्ची पुसून दिली. तेही मी पाहिलं.

"खेळात हारजीत असतीच," दादा म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी ह्या गटात नसते," बहीण म्हणाली.

"मग दुसऱ्या गटात खेळ की. सत्कार करू आपन तुझा."

"सत्कार नको. तुमच्या मोबाईलवरचा फोटो काढून टाका. बंदूक माझी हाय."

दादा हसले, आप्पांच्या खांद्यावर थाप मारून निघाले. तो फोटो आजही तिथेच आहे.

आमच्या आईची संघटना पत्रकाच्या शेवटी लोकांना काहीतरी करायला सांगते. मीही सांगते. यंदा दसऱ्याला तुमच्या गावच्या ग्रुपवर असा फोटो येईल. बंदूक, तलवार, भाला, काहीही हातात धरलेला एखादा दादा, भाऊ, साहेब. त्याखाली अंगठा देऊ नका, जोडलेले हात टाकू नका. एवढंच लिहा: "ही वस्तू कुणाची आहे आणि त्या माणसाला ती परत कधी लागणार आहे?" सगळ्यांना दिसेल असं लिहा. उत्तर आलं नाही, तर ज्याची वस्तू आहे त्याला बरोबर घ्या, त्याच दिवशी त्या दादाच्या दारात जा आणि ती मागून आणा.