कंपाउंडरबाईंचं लॅटिन

दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे औषधं मिसळायची, तिथे कंपाउंडरबाईंचं उभं आयुष्य गेलं. हल्ली औषधं कारखान्यातूनच तयार होऊन येतात, तरी खोकल्याचं एक लाल औषध त्या अजून स्वतः बनवतात आणि बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवतात. डॉक्टर बदलले, पडदे बदलले, बाई तिथेच. आता घरी बसा, असं त्यांना सांगायची कोणाची टाप नव्हती.

लॅटिनचं वेड त्यांना शिकत असताना लागलं. डॉक्टर चिठ्ठीवर बी.डी. लिहितात, म्हणजे बिस इन दिए, दिवसातून दोनदा. एच.एस. म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी. बरोबरीच्या मुलींनी ही अक्षरं परीक्षेपुरती घोकली आणि विसरून गेल्या. बाईंच्या घरी तेव्हा सगळे एकमेकांवर खेकसत असत, आणि इथे त्यांना एक अशी भाषा सापडली जिच्यात कोणीच कोणावर ओरडत नव्हतं. दोनदा घ्या म्हणायचं, की लोक निमूट दोनदा घेत. बाईंनी ती भाषा धरली ती कायमची.

घरी बिस्किटांच्या डब्यावर दवाखान्यातलं लेबल, बी.डी., रेडिओवर एच.एस., आणि कुंड्यांवर आल्तेर्निस दिएबुस, म्हणजे पाणी दिवसाआड. पाहुणे हसत. बाई गंभीरपणे सांगत, की यामुळे घरातली भांडणं टळतात. आता एकट्या बाईच्या घरात भांडायला होतं तरी कोण?

मग ताई राहायला आली. ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर बाईंच्या वेण्या घालून त्यांना शाळेत पाठवलं ते तिनेच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देत बसली, आणि स्वतःचं जे बोलायचं राहून गेलं ते आता सव्याज बोलून घेत होती. यजमान गेले, साखर वाढली, म्हणून बाईंनीच तिला आग्रह करून आणलं. घराचा नूरच पालटला. संध्याकाळी जिना चढताना ताईचा आवाज खालपर्यंत ऐकू यायचा आणि बाईंचा दिवसभराचा शीण उतरायचा. हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. त्यांनी लेबलं लावली. साखरेच्या बरणीवर, खिडकीतल्या खुर्चीवर, इतकंच काय, ताईच्या चपलांवरसुद्धा पी.सी., म्हणजे फिरायला जायचं ते जेवणानंतर. ताईने सगळं हसण्यावारी नेलं. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीला ती फोनवर सांगायची, की मी आता इथली बाटली नंबर एक.

एकदा बाई दुपारभर दवाखान्यातून घरी फोन लावत होत्या आणि तो लागत नव्हता. ताई चक्कर येऊन पडली असणार, या भीतीने त्या हातातलं काम टाकून धावत आल्या. पाहतात तर ताई पाय हलवत फोनवर मैत्रिणीच्या सुनेचं बाळंतपण ऐकतेय. बाईंचा जीव भांड्यात पडला. अशा वेळी एखादी रडली असती, एखादीने गळ्यात पडून चार शिव्या घातल्या असत्या. बाईंनी लेबल काढलं, त्यावर पी.आर.एन. लिहिलं आणि फोनला चिकटवलं.

ताईने अर्थ विचारला. "प्रो रे नाता. गरज पडेल तेव्हाच."

ताई गप्प झाली, आणि जेवणातही गप्पच राहिली, तेव्हाच बाईंनी ओळखायला हवं होतं. सकाळी ताईने शांतपणे सांगितलं, की मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे, तिने कधीचं बोलावलंय, आज संध्याकाळी तिला येते म्हणून कळवणार. बाईंनी डबा उचलला आणि त्या कामाला निघाल्या.

दवाखान्यात त्यांचं कामात लक्ष लागेना. कपाटातून जुनं पाठ्यपुस्तक काढून त्या शेवटच्या पानांवरची बोधवाक्यं चाळत बसल्या. आद आस्त्रा, ताऱ्यांपर्यंत. सालुस एग्रोती सुप्रेमा लेक्स, रोग्याचं भलं हाच सर्वांत मोठा कायदा. सगळी शाळांच्या आणि रुग्णालयांच्या कमानींवर शोभणारी. कमानीला रुसलेली बहीण नसते. मग दिसलं प्रिमुम नोन नोचेरे, आधी निदान इजा तरी करू नका. हे त्यांनी आजवर शंभरदा वाचलं असेल. आज वाचून डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्या तेव्हा ताईची पिशवी पलंगावर भरून ठेवलेली होती. बाईंनी फोनवरचं लेबल नखाने खरवडून काढलं आणि तिथे नवं लावलं. ताई चष्मा लावून वाकली.

"आता हे काय?"

"आद लिबितुम. मनाला येईल तितकं."

"माझ्या मनाला ना? ते मला माहीत आहे गं. तुझ्या मनात काय आहे ते सांग. आणि हे बघ, आपल्या भाषेत सांग."

लेबलांचा गठ्ठा बाईंच्या हातात तसाच. शेवटी त्या फोनकडे बघतच म्हणाल्या, "जाऊ नकोस. काल फोन लागला नाही तर मला वाटलं तू गेलीस. कायमची. जिन्यात तुझा आवाज आला नाही ना, तर मला दार उघडवणार नाही."

ताईने नाक पुसलं. मग रिसीव्हर उचलला, नंबर फिरवला आणि एक्स्चेंजच्या त्या खणखणीत आवाजात मैत्रिणीला सांगितलं, "नाही गं, जमायचं नाही. इथे एक पेशंट आहे. तिला एकटं सोडता येत नाही."

मग सुनेची चौकशी निघाली, बाळाचं वजन निघालं. कंपाउंडरबाई शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि ते सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिल्या.