आबासाहेबांची बुर्जी

काल दुकानात एकाने बुद्धिबळाच्या चंदनी मोहऱ्यांची जुनी पेटी विकायला आणली. झाकण उघडताच तो वास आला आणि मी घासाघीस करायचंच विसरलो.

आबासाहेबांचे मोहरे असेच चंदनी होते. ते दरबारचे बुद्धिबळपटू. संध्याकाळी बाड्यावर, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकात, माझ्या तेव्हाच्या नव्या दुकानाशेजारी ओट्यावर पट मांडत. मोठमोठ्या संस्थानांच्या खेळाडूंना हरवून आलेला माणूस, पण सुरुवात विचित्र. पटाचा मध्य समोरच्याला देऊन टाकायचे आणि कडेची प्यादी एकेक घर सरकवत बसायचे.

एका संध्याकाळी मी त्यांच्याशी खेळायला बसलो. "आबासाहेब, खेळताय की अंगण झाडताय?" मी म्हणालो. लोक हसले. गर्दीत माझे वडील होते, पागेतले जुने शिपाई, मुलाचा डाव बघायला मुद्दाम कंपूहून, लष्करी वस्तीतून आलेले.

पाहता पाहता माझ्याकडे राजा आणि एकच प्यादं उरलं. पुढच्या खेळीला मात होती. आबासाहेबांनी एकदा वडिलांकडे पाहिलं आणि मात न देता माझं प्यादं मारलं. नुसता राजा उरला की आमच्याकडे डाव बरोबरीत सुटतो. त्याला बुर्जी म्हणतात.

"बुर्जी झाली. तुमचा मुलगा चिवट आहे हं, नाईक," ते वडिलांना म्हणाले.

मी कधी कुणाचं फुकट घेतलं नव्हतं. "भीक नको मला," म्हणत मी पट उधळून दिला. आबासाहेबांवरचा तो राग मी वर्षानुवर्षं जपला. ती बरोबरी त्यांनी दिली होती, पण मला नव्हे, हे कळायला म्हातारपण यावं लागलं.

कुणापुढे न वाकलेले माझे वडील त्या संध्याकाळी रस्त्यावर गुडघे टेकून मोहरे गोळा करत होते आणि म्हणत होते, "माफी असावी, साहेब."