खांदेरीच्या देवाचा नारळ

समस्त सज्जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने एकदा देवाचा नारळ चोरून फोडला आहे. कच्च्या काळजाच्या मंडळींनी इथेच थांबावं.

सन तीसच्या आसपासची गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि माझे मामा थळला मास्तर होते. देवाधर्माची टिंगल हा त्यांचा आवडता विषय. सुटीत ते मला खांदेरीचं बेट दाखवायला निघाले. होडीवर आम्ही दोघं आणि होडी हाकणारा एक म्हातारा कोळी तांडेल. निघताना त्याने फडक्यात बांधलेला नारळ मामांकडे दिला.

"मास्तर, वेतालाच्या पायाला लावून परत आना. फोडाचा नाय. येताना दर्याला अख्खा द्याचा. मंग तो आपल्याला सोडतो."

"आणि नाही दिला तर?" मामांनी मला डोळा मारला.

तांडेल हसला नाही.

बेटावर वेताळाचं दर्शन झालं. दगडाने ठोकली की पितळेसारखी घणघणणारी तिथली एक शिळाही आम्ही हौसेने बडवली. मग मामांच्या पायाने पाण्याचा तांब्या कलंडला. ऊन मी म्हणत होतं. तांडेल खाली होडीपाशी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, मग नारळाकडे. दहा मिनिटांनी दोन रिकाम्या करवंट्या एकमेकींवर बसवून मामांनी फडकं गच्च आवळलं.

"समुद्र काय गाठ सोडून बघणार आहे?"

परतताना वारा फिरला. शीड फडाडलं, होडी कलली आणि गुडघ्याएवढं पाणी आत आलं. लाटेमागे किनारा दिसेनासा झाला. मला पोहता येत नव्हतं. मामांनाही.

"मास्तर, नारल! आत्ताच!" तांडेल ओरडला.

मामांनी गाठोडं फेकलं. पाण्यात पडताच फडकं सुटलं. दोन्ही करवंट्या उताण्या झाल्या आणि डुलत डुलत आमच्याच बाजूने येऊ लागल्या. एक लाट आली, त्या वर चढल्या. दुसरी आली, तरी बुडेनात. तांडेलाने सुकाणू न सोडता करवंट्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

तेवढ्यात तिसरी लाट भिंतीसारखी उभी राहिली. जन्मभर देवाची टिंगल केलेले माझे मामा होडीत गुडघ्यांवर बसले, समुद्राला हात जोडले आणि मानेनेच माझ्याकडे खूण करून किंचाळले, "पाणी ह्याने प्यायलं! मी नुसतं खोबरं खाल्लं!"