डायलिसिस बंद पडू नये म्हणून

नदीपासून फार लांब नसलेल्या एका हॉस्पिटलात मी डायलिसिस विभागाची इनचार्ज सिस्टर होते. मानांकनासाठी तपासणी यायची होती. मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, "पूर आला, लाइट गेली, तरी तुमचा विभाग चालू कसा राहील ते लिहून द्या. आराखडा लागतो."

ते काम मी मनापासून केलं, याचंच आता जास्त वाईट वाटतं. ड्युटी संपली की थांबायची. जुन्या वॉचमनमामांना घेऊन मागच्या बाजूला गेले. मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते त्यांनी भिंतीला हात लावून दाखवलं. हात त्यांच्या छातीच्या उंचीवर होता आणि जनरेटर जमिनीवर. मी लिहिलं, जनरेटर वरच्या स्लॅबवर न्यावा. नदी इशारा पातळीला आली की बाहेरगावच्या पेशंटना त्याच दिवशी बोलवून घ्यावं आणि उंचावरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात त्यांची सोय करावी. प्रत्येकाचं गाव, वाटेतला पूल, शेजाऱ्याचा फोन, सगळं लिहिलं.

साहेब "छान" म्हणाले आणि फाइल बाइंड करून घेतली. सराव झाला पाहिजे असंही मी लिहिलं होतं. तो सराव म्हणजे आम्हाला पिवळी हेल्मेटं घालून जिन्यात उभं केलं आणि फोटो काढले. मग सराव दोनदा झाल्याचा कागद पुढं आला. मी सही केली. मानांकन मिळालं, पेढे वाटले.

त्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी इशारा पातळीला लागली. मी फाइल घेऊन साहेबांकडे गेले. "आजच फोन करू या," म्हटलं.

"घाबरवू नका लोकांना. एकदा दुसरीकडं पाठवलेला पेशंट परत येतो का?"

"रस्ते बंद झाल्यावर काय करायचं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

मी खोलीतून बाहेर आले. फोन माझ्या हातात होता, यादी मीच केलेली होती. तरी त्या दिवशी मी कुणालाही फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी मागच्या गेटातून आत आलं आणि जमिनीवरच राहिलेला जनरेटर बुडाला. मशिनी बंद पडल्या. तेव्हा मी यादी काढून बसले. शहरातल्या पेशंटची सोय लागली. कोडोलीचे एक निवृत्त मास्तर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांना फोन लावला.

"सिस्टर, हायवेवर पाणी आलंय न्हवं. एसटी बंद, गाड्या बंद. कसं येऊ?"

"तिथं जवळ कुठं होतंय का बघा. तोवर केळं, नारळपाणी काही घेऊ नका. पाणी मोजून प्या."

"काल सांगितलं असतं तर आलो असतो की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्याची चूक दाखवावी तसं बोलले.

चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोचा फोन आला. मास्तरांना धाप लागली होती. बोट येईपर्यंत ते गेले होते.

पाणी ओसरल्यावर साहेबांनी अहवाल टाइप करून आणला. 'आराखड्यानुसार कार्यवाही करण्यात आली.' खाली माझं नाव. मी सही केली नाही. आठवड्याभरात माझी बदली केसपेपरच्या खिडकीवर झाली. मी काही शूर नव्हते. त्या कागदावर पेन टेकवायला हात उठेना, एवढंच.

त्याच खिडकीवर एक दिवस मास्तरांची बायको जुने रिपोर्ट न्यायला आली. मी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. फाइल, फोटो, माझी पहिली सही, न केलेला फोन.

ती पदर सारखा करत ऐकत होती. मग म्हणाली, "आम्हाला वाटलं, पुराचं कुणाला काय कळतंय. तुमास्नी तर म्हाईत हुतं."

"हो."

"मंग फोन करायला सायबाला कशाला इचारलंसा, बाई?"

तिनं रिपोर्ट पिशवीत घातले, कोडोलीची गाडी किती वाजता ते मला विचारलं आणि गेली. त्यानंतर वर्षभर मी त्या खिडकीवर काम केलं आणि मग नोकरी सोडली. लोक विचारतात, का सोडली. गुडघे दुखायचे, असं सांगते.