बेटावर मी जे बोलले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला ती जाईपर्यंत नाही, आणि शुभाला—तिला तर कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. तिचा चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर येणार नाही. माझ्या येतो.

शुभा माझी धाकटी बहीण. मी लग्न होऊन बोरिवलीला, ती आईबाबांकडे अंधेरीला. पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या बँकेतल्या काही कुटुंबांनी मिळून एलटीसीवर लक्षद्वीपची सहल ठरवली. कोचीनहून बोट, रात्री झोपायचं बोटीवरच, दिवसा एकेका बेटावर उतरायचं. सासूबाई येणार होत्या, पण 'मला बोट लागते' म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. सुधीर म्हणाला, "शुभाला नेऊ या की." बाबांनी तिचं तिकीट काढलं. मी नको म्हटलं नाही. का म्हणणार? लाडकी होती माझी ती. आहे.

बरोबर मुलुंडचे प्रधान होते—सुधीरचे साहेब, त्यांची बायको आणि मुलगा अभय. नुकताच नोकरीला लागलेला इंजिनियर, जरा घुम्याच. डेकवर शुभाने त्याला पत्त्यांत हरवलं आणि तो मोठ्याने हसला, तेव्हा प्रधानबाईंनी वळून आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चहाच्या वेळी हळूच म्हणाल्या, "शुभाचं बघताय का गं कुठे? पत्रिका आहे ना?" मला बरं वाटलं. खरंच वाटलं. मग असं का—

थांबा. नीट सांगते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बोटीवरचा एक माणूस विचारायला आला. उद्याच्या बेटावर कोण काय करणार? एक तर गावात फिरायचं, काथ्या वळतात ते बघायचं. नाहीतर डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून पाण्यात उतरायचं—प्रवाळ, रंगीत मासे, नशीब असेल तर मोठाली कासवं. आम्ही सगळ्या बायकांनी काथ्या सांगितला. शुभाचा हात मात्र केव्हाच वर गेला होता.

"भावोजी, आपण कासवं!"

"कासवं म्हणजे कासवंच," सुधीर म्हणाला.

मला पाण्याची भीती. मे महिन्यात मामाकडे गेलो की शुभा पाठीला डबा बांधून विहिरीत धपाधप उड्या मारायची आणि मी काठावर तिचा फ्रॉक धरून उभी. तिला कशाचीच भीती नव्हती. मला तेव्हाही ते आवडायचं आणि आवडायचंही नाही—कळतंय ना?

त्या दिवशी दोघांचा तोच विषय. नळीतून श्वास कसा घ्यायचा म्हणून जेवणाच्या टेबलावर नाक दाबून बसले आणि हसता हसता पाण्याचा ग्लास सांडला. मला कुणी विचारलं नाही असं नाही. शुभा म्हणाली होती, "तू पण ये ना गं ताई, मी धरते तुला." मी म्हटलं, "मला नाही जमत असले चाळे." त्या दोघांत वावगं काही नव्हतं. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. पण सुधीर माझ्याबरोबर असा हसला होता का कधी?

बेटावर उतरलो. शुभाने ओढणी माझ्या हातात दिली, पंजाबी ड्रेसच्या बाह्या वर सरकवल्या, केस घट्ट बांधले. सुधीर गुडघाभर पाण्यात काच लावून बघत होता. पाण्यात नेणारा तिथलाच माणूस मोडक्या हिंदीत एकेकाची चौकशी करत होता—पोहता येतं का, तब्येत ठीक आहे का. शुभा आपल्या मापाची काच शोधायला गेली. तेवढ्यात मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं,

"भैया, उसको मत ले जाओ. उसको फिट आता है."

कुठून आलं हे तोंडात? आमच्या घरात कुणाला कधी फिट आली नव्हती. सर्दी आहे म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पण मला असं काहीतरी हवं होतं ज्यावर तो वाद घालणार नाही. त्याने घातला नाही. शुभा आली तशी म्हणाला, "आप नहीं, मैडम." ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "जागा कमी आहेत म्हणे. पुरुषांनाच नेतायत."

"असं?" म्हणाली. हातातली काच तिने त्याला परत दिली.

सुधीर आणि अभय गेले. मी मागे वळले, तर प्रधानबाई चपला हातात घेऊन उभ्या होत्या.

काळजीपोटी बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगून बघितलं. काळजी कसली? ती माझ्या नवऱ्याबरोबर ओली होऊन, हसत पाण्याबाहेर येणार आणि मी ओढणी धरून उभी राहणार, ते मला नको होतं. बस.

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आज बोललेही नसते. पण नारळांच्या सावलीत प्रधानबाईंनी मला बाजूला घेतलं. "नीला, ते फिटचं खरं का गं?" आवाजात वाईट वाटल्यासारखं होतं. एका वाक्यात सगळं पुसता आलं असतं—नाही हो काकू, उगाच बोलले मी. पण मग त्या म्हणाल्या असत्या, सख्ख्या बहिणीबद्दल असं बोलवलं तरी कसं तुला? साहेबांची बायको. उद्या बँकेत सगळ्यांना कळलं असतं. मी म्हटलं, "लहानपणी यायची. आता बरीच बरी आहे."

पहिलं तोंडातून निसटलं म्हणता येईल. हे दुसरं मी विचार करून बोलले.

सुधीर परत आला तेव्हा शुभाच धावत पुढे गेली. केवढं होतं कासव? पाय कसे मारतं? जवळ येतं का? सगळं विचारून घेतलं तिने.

मुंबईला आल्यावर प्रधानांचा निरोप आला—पत्रिका जमत नाही. "जाऊ दे गं," शुभा म्हणाली. पण नंतर किती तरी दिवस शेजारच्या सावंतकाकूंकडे फोन वाजला की तिचा हातातला घास थांबायचा. मग दुसरं एक स्थळ होकाराशी येऊन फिरलं. मग आणखी एक. शेवटी एका नातेवाईकाने आईला सांगितलं, मुलीला फिट येते असं कानावर येतंय. आई हादरली. कुणी उठवलं हे? तिने आठवून आठवून सावंतकाकूंवरच आळ घेतला, कारण येणारे-जाणारे त्यांच्याशी बोलायचे. इतक्या वर्षांचं येणं-जाणं एका सकाळी तुटलं. काकू दारात रडत उभ्या होत्या, "मी कशाला बोलू, पोरीसारखी आहे ती माझ्या." मी त्या दिवशी माहेरीच होते. आत, पडद्यामागे. बाहेर आले का? नाही आले.

त्याच दुपारी शुभाने मला विचारलं, "ताई, मला लहानपणी कधी काही झालं होतं का गं? तू मोठी, तुला माहीत असेल."

मी म्हटलं, "मला नाही बाई आठवत."

ऐकलंत ना? 'नाही' म्हणाले नाही. 'आठवत नाही' म्हणाले.

तिचं लग्न पुढे झालं. उशिरा झालं, लांब झालं. माणूस वाईट नाही. सुखी आहेस का, हे मी कधी विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

लग्नाआधी आईने तिला डोक्याची तपासणी करायला पाठवलं. सोबत मीच—मोठी बहीण ना. केसांत चिकट मलम लावून डोकंभर तारा चिकटवल्या होत्या. ती डोळे मिटून पडली होती, मूठ आवळलेली. काही निघालं नाही. काय निघणार होतं? तिथून ती बोरिवलीला माझ्याकडे आली. केसांतलं मलम जाईना, म्हणून मोरीत खाली मान घालून बसली आणि मी तांब्याने पाणी ओतत होते.

"बघ ताई, काही नाहीये मला," ती तशीच वाकून म्हणाली. "मला तर वाटायला लागलं होतं, की खरंच असेल." आणि हसली. किती दिवसांनी हसली.

मी म्हटलं, "डोळे मीट. साबण जाईल."