सुजाताचं दोन मिनिटांचं पाणी

“एकूण कॉपीज किती आहेत?” फादीने विचारलं तेव्हा मी चक्क खूश झालो.

फादी आमच्या दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा हेड. लेबनॉनचा माणूस, आवाज मोठा, मनाने वाईट नाही. मी तिथला डेटा मॅनेजर. म्हणजे बनवणारे पिक्चर बनवतात आणि तो सांभाळून ठेवायचं काम माझं. लहान मुलांचा एक पिक्चर चार वर्षं खपून आम्ही नुकताच पूर्ण केला होता. मला वाटलं, रिलीज ठरलं.

आमच्या कामाचा नियम सोपा आहे. प्रत्येक गोष्टीच्या तीन कॉपी, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. एक सर्व्हरवर, दुसरी आमच्या कपाटातल्या टेप्सवर, तिसरी शारजाच्या गोदामातल्या टेप्सवर. कुठली फाइल कुठे आहे याची माझी यादी होती, दोनशे बारा ओळींची. एकही चूक नाही. त्या यादीचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. अर्ध्या तासात मी ती फादीला मेल केली.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या हेड ऑफिसची वकीलबाई व्हिडिओ कॉलवर आली. तिने आधी यादीचं कौतुक केलं. मग म्हणाली, हे सगळं नष्ट करायचं आहे.

मला काही कळेना. फादीने नंतर समजावलं. पिक्चर रिलीज केला तर जाहिरातींवर आणखी खर्च, आणि चालेल याची खात्री नाही. त्यापेक्षा तो न दाखवताच गुंडाळला, तर बनवायचा सगळा खर्च तोटा म्हणून दाखवता येतो आणि कंपनीचा टॅक्स कमी होतो. फक्त मग त्या पिक्चरची किंमत शून्य आहे, असं सांगावं लागतं. आणि वकीलबाईंच्या मते शून्य म्हणजे तो कुणीही, कुठेही, कधीही बघता कामा नये.

तळपायाची आग मस्तकात गेली. पगारावर टॅक्स नाही म्हणून आम्ही घरदार सोडून इथे आलो. आणि आता कुठल्या दुसऱ्याच देशातल्या टॅक्सपायी आमची चार वर्षं कचऱ्यात जाणार होती. पिक्चर वाईट असता तर गोष्ट वेगळी. आमच्या ट्रायल शोला चाळीस पोरं खुर्चीवरून हलली नव्हती.

पिक्चर बंद म्हणजे टीमही बंद. सुजाताला नोटीस मिळाली. ही मूळची पुण्याची, करामाला नवरा आणि मुलीबरोबर राहायची. आमच्या पिक्चरमधलं सगळं पाणी तिचं. पाणी अ‍ॅनिमेट करणं फार अवघड, कारण चुकलं की लहान मुलालाही कळतं. गोष्ट अल ऐनच्या खजुरीच्या बागेत घडते. तिथे फलज आहे, म्हणजे आपल्याकडचा पाट. ही बाई सुट्टीच्या दिवशी गाडी काढून अल ऐनला जायची आणि पाटाकडे तासन्‌तास बघत बसायची. मुलगी वैतागून म्हणायची, “आई, इट्स जस्ट वॉटर.”

अ‍ॅनिमेटरला नवी नोकरी मिळते ती शोरीलवर, म्हणजे स्वतःच्या कामाच्या दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओवर. बायोडेटा कुणी वाचत नाही. सुजाताची चार वर्षं या एकाच पिक्चरमध्ये होती. तिने सहा महिन्यांपूर्वीच रीतसर विचारलं होतं. फादीच्या परवानगीने मी तिचे दोन मिनिटांचे शॉट्स एका छोट्या हार्ड ड्राइव्हवर काढले. रिलीज झाल्यावर द्यायचे म्हणून ड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आणि यादीत लिहिलीसुद्धा, एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीत. लिही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. हात स्वस्थ बसत नाहीत, दुसरं काय.

मी वकीलबाईंना विनंती केली. दोन मिनिटं फक्त. पिक्चरचं नाव नाही, आवाज नाही, पासवर्ड लावून देतो.

“मिस्टर प्रधान, ते दाखवून कुणाला नोकरी मिळाली, तर त्याला किंमत आहे असा अर्थ होतो,” ती शांतपणे म्हणाली. “आणि आम्ही लिहून देणार आहोत की किंमत नाही.”

फादीने कॉल बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “खलास, हबीबी. सही कर.”

ड्राइव्ह हरवली असं सांगता आलं असतं. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी घाबरलो. माझा व्हिसा कंपनीचा, मुलगा अजून शिकतोय. वकीलबाईंचा राग येतो त्याहून जास्त मला माझा येतो.

गोदामातल्या टेप्स आणवल्या, सर्व्हर पुसला. मग यंत्र घेऊन दोन माणसं आली. टेप आधी मोठ्या चुंबकात घालायची, म्हणजे कोरी होते. मग तिचे तुकडे करायचे. एकेक ओळ वाचायची, टिक करायची, खाली साक्षीदार म्हणून माझी सही. ड्राइव्हची पाळी आली तेव्हा सुजाता समोरच आयटीवाल्याकडे लॅपटॉप जमा करत होती.

“सर, ही यादीत कुणी घातली?”

“मी.”

तिने चार्जर गुंडाळून लॅपटॉपवर ठेवला. “चांगली ठेवता तुम्ही यादी,” म्हणाली, आणि ऑफिसचं कार्ड टेबलावर ठेवून गेली.

आठवड्याभरात हेड ऑफिसची मेल आली. माझी यादी इतकी आदर्श होती की ती नमुना म्हणून सगळ्या ऑफिसांना पाठवणार होते.

दोन महिन्यांनी सुजाताने माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं. शोरील नाही, निदान पत्र तरी. मी मन लावून लिहिलं. एचआरने पिक्चरचं नाव काढायला लावलं, मग पाण्याचा उल्लेख, मग ‘अ‍ॅनिमेशन’ हा शब्दच. उरलं ते इतकंच, की सुजाताने आमच्याकडे चार वर्षं समाधानकारक काम केलं. ते पत्र तिच्या काही कामाला आलं नाही. ती आता पुण्यात एका इन्स्टिट्यूटमध्ये सॉफ्टवेअर शिकवते. नवरा आणि मुलगी अजून इथेच आहेत.

नव्या पोरांना मी आता पहिल्याच दिवशी सांगतो, तुमच्या शॉट्सवर तुमचा हक्क असल्याची ओळ करारात घालून घ्या, मगच सही करा. दोघांनी मागितली. एचआरने दोघांनाही सांगितलं, सही करायची नसेल तर बाहेर लाइन लागलेली आहे. दोघांनी सही केली.